समोर असून न दिसणारा प्रिंटर

"आता तूच सांग शिवानी, हा प्रिंटर आहे की नाही?" रघुवीरकाकांनी प्रिंटरच्या डोक्यावर टपली मारत विचारलं.

"आहे, काका."

"मला दिसतो. तुला दिसतो. खिडकीत बसलेल्या त्या मांजरालासुद्धा दिसतो. मग या संगणकालाच तेवढा का दिसत नाही?"

मांजराने कान टवकारले. पडद्यावर मात्र तेच वाक्य ठाण मांडून बसलं होतं: 'प्रिंटर सापडला नाही.'

भोरच्या सुबोध वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीची पहिलीच दुपार होती. मुलांनी स्वतः लिहिलेला 'लवंगी' नावाचा दिवाळी अंक तयार होता. गोष्टी होत्या, कोडी होती, एका कवितेत तर चक्क चकलीचं गाऱ्हाणं होतं. आठवीतल्या शिवानीने उत्रोलीहून रोज सायकल मारत येऊन तो सगळा संगणकावर उतरवला होता. आता फक्त छापायचा होता, आणि नेमका प्रिंटर रुसला होता.

काका वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांनी कापूरहोळच्या संगणक दुरुस्तीवाल्या धनाजीला फोन लावला होता, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तो टेबलावर ठेवला होता.

"सायेब, त्यात त्या पोरीनं लिनक्स टाकलंय न्हवं?" फोनमधून आवाज आला. "मग आनि काय असनार! उद्या सकाळी येतो, समदं पुसून टाकतो, पहिल्यावानी करून देतो."

"बघायचंसुद्धा नाही का आधी?" शिवानीची वेल्ह्याहून आलेली मामेबहीण शेफाली पुटपुटली. ती सहावीत होती, पण जीभ दहावीतली होती.

काकांनी फोन खिशात टाकला. "कुणाला विचारून टाकलंस गं हे लिनक्स?"

शिवानीने शुभदाताईंकडे पाहिलं. ताई वाचनालयाच्या ग्रंथपाल. पावसाळ्यात हा जुना संगणक सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात त्यांचा चहा उकळून, गाळून, पिऊनही व्हायचा. शाळेच्या संगणक कक्षात शिवानी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी प्रणाली, शिकली होती. तिनं विचारलं होतं, "ताई, टाकू का? फुकट असतं, आणि जुन्या संगणकावरही पळतं." त्या हसून म्हणाल्या होत्या, "टाक गं. कुणी काही बोललंच तर मी आहे ना!"

त्या 'मी आहे ना'ची शिवानी आता वाट पाहत होती.

ताईंनी हातातली पुस्तकं उगाच सरळ केली. "मी म्हटलं होतं हिला, नसते उद्योग करू नकोस म्हणून. मुलं ऐकतात कुठं, काका."

जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावीच, तसं शिवानीला झालं. तिसरीत असल्यापासून ताई तिच्यासाठी नवीन पुस्तकं कपाटाआड लपवून ठेवायच्या. संगणकाचा हा कोपरा तिला त्यांनीच दिला होता. घरी भाताची खाचरं होती, दोन म्हशी होत्या आणि एक मोबाईल होता, तोही बाबांच्या खिशात.

"पण काका, गणपतीत आरत्या याच लिनक्सवर छापल्या होत्या की," मंदार म्हणाला. मंदार वाचनालयाच्या समोरच राहायचा. वादविवाद स्पर्धेत त्याला बोलायला उठवावं लागत नसे, बसवावं लागे.

"तेव्हाचं तेव्हा. उद्या धनाजी येऊन सगळं पुसेल. आणि यापुढे संगणकाला मुलांनी हात लावायचा नाही. विशेषतः हिनं."

"मग आजचा दिवस तरी द्या. फाशीच्या कैद्यालासुद्धा शेवटची इच्छा विचारतात."

काकांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "द्या म्हणे! बरं, संध्याकाळपर्यंत काय दिवे लावायचे ते लावा. पण एकही स्क्रू खोलायचा नाही."

काका गेले. ताई आपल्या टेबलामागे जाऊन बसल्या आणि काहीतरी लिहू लागल्या. शिवानीकडे त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"तुझी ताई लई खोटं बोलते की गं," शेफाली कानात कुजबुजली.

"गप. त्या विसरल्या असतील."

"हां! आमची म्हस बी अशीच इसरती. दुसऱ्याच्या शेतात शिरल्यावर."

शिवानीने डोळे पुसले आणि पडद्यावर टर्मिनल उघडलं. ही लिनक्सची काळी खिडकी. तिच्यात नुसते शब्द लिहून संगणकाला प्रश्न विचारता येतात. तिनं 'एलएसयूएसबी' ही पाच अक्षरं इंग्रजीत लिहून एंटर दाबलं. भराभरा ओळी उमटल्या.

"संगणकाला यूएसबीनं जे जे जोडलंय ते सगळं इथं दिसतं," ती म्हणाली. "हा माउस. हा कीबोर्ड. आणि प्रिंटर…"

"न्हाईच," शेफाली म्हणाली.

"म्हणजे धनाजी म्हणतो तेच," मंदारचा चेहरा उतरला. "लिनक्सला तो ओळखताच येत नाही."

"नाही रे. ओळखणं वेगळं." शिवानी खुर्चीत सरसावून बसली. "दारावर पाहुणा आला की आपण आधी म्हणतो, कोणीतरी आलंय. मग नाव, गाव, कुणाकडचे. नावगाव कळलं नाही तरी कोणीतरी आलंय एवढं तर कळतंच ना? लिनक्सला ओळखता आलं नसतं, तरी इथं एक अनोळखी ओळ आली असती. तीसुद्धा नाही. मग त्यानं नाव विचारायचं तरी कुणाला?"

"म्हंजे पाव्हना दारापत्तुर आलाच न्हाई," शेफालीला एकदम पटलं. "मग यष्टीच बंद पडली असंल वाटंत!"

"बरोबर. ही आपली एसटी." शिवानीने प्रिंटरची केबल उपसून हातात घेतली. "आधी ही तपासायची."

स्टँडजवळ चिमाजीकाकांचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिघंही तिकडे धावली.

"तुमच्या प्रिंटरला आमची केबल लावून बघू का? दोनच मिनिटं," मंदारने विचारलं.

"आज केबल लावू म्हनतोस, उद्या गल्ल्याला हात लावू म्हनशील," चिमाजीकाका म्हणाले. पण शिवानीचा चेहरा पाहून त्यांनीच प्रिंटर पुढे ओढला. केबल जोडली. त्यांच्या मशीनने घर्रर्र करत एक कागद बाहेर टाकला. त्यावर कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण होतं.

"केबल चांगलीये," शिवानी म्हणाली.

"झाली ना खात्री? मग आता बारशाला या," चिमाजीकाका म्हणाले.

परतताना मंदारने घरून बाबांचा लॅपटॉप आणला. त्यात लिनक्स नव्हतं, साधं ऑफिसात असतं ते विंडोज होतं. वाचनालयाचा प्रिंटर त्याला जोडला. तिघं श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिली. काहीच झालं नाही. काढला, पुन्हा जोडला. लॅपटॉपच्या दृष्टीनंही तो प्रिंटर या जगात नव्हता.

"याला पण दिसत नाही!" मंदारने टेबलावर बुक्की मारली. "म्हणजे लिनक्सचा काही संबंधच नाही. तू सुटलीस, शिवानी!"

शिवानी धावतच ताईंच्या टेबलापाशी गेली. दुपारचं सगळं ती क्षणात विसरली होती. "ताई, चूक लिनक्सची नाहीये. प्रिंटरमध्येच काहीतरी झालंय!"

ताईंचा हात लिहिता लिहिता थांबला. त्या आनंदतील, उठून येतील, असं शिवानीला वाटलं होतं. त्या नुसतं म्हणाल्या, "बरं. पण काकांनी ठरवलंय ना आता? उगाच खोलात जाऊ नका." आणि पर्स उचलून बाजारात जाते म्हणून निघाल्या. "जाताना कुलूप लावा."

"असं काय वागल्या त्या?" मंदार म्हणाला.

शिवानीलाही ते खटकलं. आळ खोटा निघाला तर आपल्या माणसाला आनंद व्हायला हवा. तिनं तो विचार मागे ढकलला. "पाहुणा घरी आला नाही. एसटी चांगलीये. मग?"

"मग त्यो घरनंच निघाला नसंल," शेफाली म्हणाली. "भाईरनं कडी लावली असंल कुनी तरी."

त्यांनी प्रिंटर बंद केला, विजेची वायर काढली आणि त्याची पाठ उजेडाकडे वळवली. मागे केबल घालायचं लहानसं चौकोनी तोंड होतं. मंदारने मोबाईलची बॅटरी लावली. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"आत पिवळं काय आहे?"

"स्क्रू नाही खोलायचा हं," मंदारने आठवण दिली.

"स्क्रूला हात कोण लावतंय? पण लोखंडी काही घालायचं नाही आत. दुसरं काय आहे?"

कोपऱ्यातल्या देवी सरस्वतीच्या तसबिरीपुढून शेफालीने जळून उरलेली उदबत्तीची काडी आणली. शिवानीने ती जपून आत सरकवली. कडेला काहीतरी अडकलं होतं. ते हललं, घसरलं, पुन्हा हललं, आणि टप्पकन तिच्या तळहातावर पडलं.

तांदळाचा दाणा. अख्खा, हळदीनं पिवळा झालेला, एका बाजूला कुंकवाचा वाळलेला पापुद्रा.

"अक्षता!" मंदार म्हणाला. "यामुळे केबल पूर्ण आत बसतच नव्हती."

त्यानं चित्रकलेचा कोरडा ब्रश आणून आतलं कुंकू झटकलं. केबल घातली, तेव्हा ती खट्ट वाजून शेवटपर्यंत गेली. शिवानीने वीज जोडून पुन्हा तीच पाच अक्षरं लिहिली. ओळी उमटल्या, आणि त्यांत या वेळी एक नवी ओळ होती. पाहुणा दारात उभा होता. पाठोपाठ 'लवंगी'चं मुखपृष्ठ हळूहळू बाहेर सरकलं. शेफालीने दोन्ही हात वर करून गिरकी घेतली.

शिवानी मात्र तळहाताकडे बघत होती. "मंदार, खंडेनवमीला तू होतास ना इथं?"

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. शेतकरी अवजारांची पूजा करतात, सुतार करवतीची, ड्रायव्हर गाडीची. वाचनालयात कपाटांची, घड्याळाची आणि यंत्रांची पूजा होई. शिवानी त्या दिवशी घरी नांगर आणि विळे धूत होती.

"होतो की. प्रसादाच्या पेढ्यांसाठी," मंदार म्हणाला. "ताईंनी सगळ्या वायरी काढून प्रिंटर स्वच्छ पुसला, पाटावर ठेवला आणि…" तो बोलता बोलता थांबला.

"आणि काय?"

"पूजा ताईंनीच केली. नंतर मी पेढा मागायला गेलो, तर त्या प्रिंटरच्या मागे वाकून केसांच्या पिनेनं काहीतरी काढत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, धूळ आहे."

खिडकीतलं मांजर उडी मारून निघून गेलं.

"म्हंजे त्यास्नी ठावं हुतं," शेफाली हळूच म्हणाली.

ताईंना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. तरी त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं होतं. शिवानीला वाटलं, दाणा सापडला नसता तर बरं झालं असतं. आळ घेऊन घरी गेलो असतो, पण ताई तरी आपल्या राहिल्या असत्या.

"आत्ताच्या आत्ता काकांच्या घरी जाऊ," मंदार म्हणाला.

"नको. आधी मी ताईंना सांगणार." शिवानीने दाणा कागदाच्या पुडीत बांधला. "त्या स्वतःच सांगतील काकांना. बघ तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं सगळ्यांच्या आधी वाचनालयात पोचली. ताई येताच शिवानीने त्यांच्यासमोर पुडी उघडली. ताईंनी दाण्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"हुशार आहेस," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "पण हे काकांना नको सांगूस हं. केबल सैल होती म्हणू. धनाजी येतोच आहे, तर त्याला करू दे काय करायचं ते. वाद कशाला?"

"म्हणजे लिनक्स पुसायचं?"

"थोडे दिवस. काका विसरले की आपण पुन्हा टाकू."

"आणि सगळ्यांना वाटतंय की मी बिघडवलं, ते?"

ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "अगं, तू लहान आहेस. लहान मुलांच्या चुका कोण लक्षात ठेवतं?"

तोच हात पूर्वी किती वेळा फिरला होता. आज शिवानीने डोकं बाजूला घेतलं. मग ती संगणकाच्या कोपऱ्याकडे गेली. प्रिंटर बंद केला, केबल काढली, पुडीतला दाणा मागच्या तोंडात होता तसा सरकवला आणि केबल पुन्हा लावून टाकली.

"ए येडे, काय करतीस?" शेफालीचे डोळे मोठे झाले.

"कडी पुन्हा घालतेय," शिवानी म्हणाली. टेबलामागून ताई बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

थोड्या वेळात रघुवीरकाका आले. मागोमाग धनाजी, गळ्यात लॅपटॉपची पिशवी. वर्गणी भरायला आलेले चारपाच वाचकही तमाशा बघायला थांबले.

"धनाजीदादा," शिवानी म्हणाली, "लिनक्स पुसल्यावर प्रिंटर नक्की चालेल?"

"शंभर टक्के."

"मग पुसायच्या आधी तुमच्या लॅपटॉपला लावून दाखवाल? त्यात लिनक्स नाही ना?"

"छ्या! आपण तसलं काय ठेवत न्हाई." धनाजीने ऐटीत लॅपटॉप उघडला आणि केबल जोडली. वाट पाहिली. केबल काढली, फुंकर मारली, पुन्हा जोडली. त्याच्या कपाळावर घाम आला. "आयला. ह्याला बी दिसंना की."

"का रे?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या लॅपटॉपमध्येही हिनंच लिनक्स टाकलं का?"

जमलेली माणसं हसली. मंदारने लगेच संधी साधली. "काका, स्क्रू न खोलता दाखवतो. परवानगी?"

"दाखवा."

शिवानीने प्रिंटर बंद करून वायर काढली, उदबत्तीची काडी घेतली, आणि दाणा बाहेर काढून काकांच्या तळहातावर ठेवला. मग वायर लावून केबल वाचनालयाच्या संगणकाला जोडली. काल कळलेली एकेक पायरी ती सांगत गेली. दारात न आलेला पाहुणा, चिमाजीकाकांची साक्ष, मंदारच्या बाबांचा लॅपटॉप. तिचा आवाज आधी कापत होता, मग कापेनासा झाला. शेवटी तिनं बटण दाबलं आणि 'लवंगी'ची पानं एकामागून एक बाहेर पडू लागली. लिनक्स जागच्या जागी होतं.

काका तळहातावरचा दाणा न्याहाळत होते. "पण तांदूळ आत गेला कसा?"

मंदारने तोंड उघडलं. शिवानीने त्याचा शर्ट ओढला.

"उंदीर असेल," ताई म्हणाल्या.

"आमच्या येल्ह्याचे उंदीर तरी हळदकुंकू लावून तांदूळ खात न्हाईत," शेफाली म्हणाली. "भोरचं आपल्याला म्हाईत न्हाई."

या वेळी कुणी हसलं नाही, कारण काकांनी वळून ताईंकडे पाहिलं होतं. "खंडेनवमी," ते सावकाश म्हणाले. "शुभदा, तुला ठाऊक होतं?"

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दाणा आत जाताना दिसला होता. काढायला गेले तर आणखी आत गेला. नवा प्रिंटर माझ्या हातून बिघडला म्हणून भीती वाटली."

"अगं, पूजा करा म्हणून तर मीच मागे लागलो होतो. नुसतं सांगितलं असतंस तर मी हसून सोडून दिलं असतं." काकांनी मान हलवली आणि शिवानीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास पोरी. धनाजी, तू घरी जा बाबा. संगणकाचा कोपरा हिच्याकडेच राहील. फक्त शिवानी, पुढच्या वेळी असं काही टाकायचं झालं तर कुणाला तरी विचारून टाकत जा हं."

शिवानीने वर पाहिलं. ताई खाली बघत होत्या. ती थांबली, मनातल्या मनात त्यांना सांगत राहिली, आता तरी बोला. ताई बोलल्या नाहीत.

"मी विचारलं होतं, काका," ती म्हणाली.

"कुणाला?"

शिवानीने नाव घेतलं नाही. प्रिंटरचा आवाज तेवढा चालू होता.

"मला," ताई अखेर म्हणाल्या. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला. "मीच टाक म्हटलं होतं. कुणी बोललं तर मी आहे, असंही म्हटलं होतं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग जमलेल्या वाचकांकडे वळून ते मोठ्यानं म्हणाले, "काल मी चार लोकांत हिला बोललो. आज चार लोकांत सांगतो. हिनं विचारून काम केलं, नीट केलं, आणि आम्ही मोठ्यांनी न बघता हिच्या माथी मारलं. चुकलो आम्ही."

धनाजीने पिशवी गळ्यात अडकवली. जाता जाता तो शिवानीपाशी थांबला. "ती काळी खिडकी उघडती तुला? येकदा दुकानावर ये. मला बी शिकव."

"आधी बघून मग बोलायचं शिकवंल ती," शेफाली म्हणाली. धनाजी कान पकडून हसला.

दुपारपर्यंत अंक छापून झाले. मंदार आणि शेफाली जमिनीवर बसून पानं लावत होती, आणि चकलीच्या कवितेवरून भांडतही होती. ताई टेबलामागून उठल्या, जवळ आल्या, जरा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या, मग शिवानीच्या शेजारी बसल्या.

"शिवानी, रागावलीस?"

शिवानीने मनात चाचपून पाहिलं. राग नव्हता. रागाला निदान ऊब असते.

"पानं लावायची राहिलीत," ती म्हणाली. तिनं स्टेपलर ताईंकडे सरकवला आणि पुढचा गठ्ठा उचलून पानांचे आकडे पाहू लागली.